उपचार माझ्यावर, गुण तिला

मुक्काम तोसोर, सरोवराचा दक्षिण काठ
(जर्दाळू पिवळे पडायला लागलेत, यावरून तारीख समजून घ्यावी)

आदरणीय तुराताली दादा यांस,

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा एसेनकुल याचा छातीवर हात ठेवून, वाकून सलाम. (वाकलो आहे हे खरंच समजा. हल्ली एकदा वाकलो की सरळ व्हायला वेळ लागतो, त्याचं कारण पुढे येईलच.) तुमच्या घोड्या कशा आहेत? शिंगरं सगळी तगली का? मेंढ्यांना यंदा वरचं गवत मानवलं का? लांडगा येऊन गेला असं ऐकलं, तो पुन्हा फिरकला का? कुत्र्याचा पाय बरा झाला का? आणि कुलुयपा वहिनी कशा आहेत? (क्रमाबद्दल राग नसावा. जनावरांची चौकशी आधी केली नाही तर दादा पत्र पुढे ऐकतच नाही, असं तुमच्या बहिणीनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला बजावलं होतं.) आपण स्वतः ठणठणीत असालच. इकडे आम्ही, म्हणजे बूरुल आणि मी, जिवंत आहोत आणि चहा पितो आहोत.

खिंडीच्या पलीकडे फोन लागत नाही, म्हणून दही-लोण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतो आहे. त्यानंच मागच्या खेपेला तुमचा निरोप आणला होता, की चरबीचा गुण आला का ते कळव. याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्या एका शब्दात देता आलं असतं हे मलाही समजतं. पण दादा, मी सगळं आयुष्य या सरोवराच्या काठानं बस चालवली आहे. मधले सगळे थांबे घेतल्याशिवाय मला शेवटच्या थांब्यावर पोचता येत नाही. तेव्हा वहिनींना म्हणावं, चष्मा लावा, चहा ओतून घ्या आणि सावकाश वाचून दाखवा.

बूरुलच्या हातात सुई आली की गावातल्या बायका बोलायच्या थांबतात, हे तुम्हाला सांगायला नको. दोन रंगांचे नमदे, दाबून केलेल्या जाड लोकरीचे, एकावर एक ठेवून कापायचे, एकातून कापलेली शिंगाची नक्षी दुसऱ्याच्या पोटात बसवायची आणि जाड दोऱ्यानं असं टाचायचं की पुढच्या तीन पिढ्या त्यावर नाचल्या तरी शिवण उसवू नये. गेल्या वर्षी बर्फ वितळायच्या सुमारास तिनं आमच्या धाकटीच्या, नुरजामालच्या, लग्नाचा गालिचा मांडला. एक दिवस बघतो तर सुई नमद्यात अर्धी घुसवून ती नुसतीच बसलेली. मला वाटलं नक्षीचा विचार चाललाय. मी चहा मागितला. ती म्हणाली, "चहा होईल, पण ही सुई तेवढी ओढून द्या." मी ओढून दिली, चहा प्यायलो आणि विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुंड्या लावा." तेव्हा मात्र मी घाबरलो. तुमच्या बहिणीनं माझ्याकडे आजवर फक्त एक गोष्ट मागितली होती, ती म्हणजे गप्प बसणं.

गावच्या दवाखान्यातल्या बाईंनी बोटं दाबून बघितली, सुजलेले गरम सांधे बघितले, सकाळी किती वेळ ताठ राहतात ते विचारलं आणि म्हणाल्या, हा झिजेचा नाही, हा आमवात. यात शरीर स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजतं आणि त्यांच्यावर तुटून पडतं. (मी म्हटलं, आमच्या गावात भावाभावांचं असंच चालतं. बाई हसल्या नाहीत.) शहरात जाऊन सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी परत परत सांगितलं. तेव्हा तुम्ही डोंगरावरच्या कुरणात गेला नव्हतात, अजून खालीच होतात आणि फोनवर म्हणालात, "शहरातले डॉक्टर गोळ्या देतात आणि गोळ्या पोट जाळतात. आपल्या आजोबांनी जन्मात गोळी खाल्ली नाही." (तुमचे आजोबा भर तारुण्यात घोड्यावरून पडून गेले, त्यांना गोळी खायला उसंतच मिळाली नाही, असं बूरुल तेव्हा माझ्या कानात म्हणाली. हे तुम्हाला सांगू नका असंही म्हणाली होती.) तुमच्या शब्दापुढे आम्ही कोण? शहर राहिलं बाजूला आणि तुमची चरबी आली.

मार्मोटची चरबी मी याआधी लांबून पाहिली होती. बिळाबाहेर उभा राहून शिट्ट्या मारणारा तो गोल प्राणी मला आवडायचाही. पण त्याला वितळवून बरणीत भरला की तो सूड घेतो. झाकण उघडल्यावर आमचं मांजर घर सोडून गेलं आणि कुत्रं घरात आलं. तुमचा आदेश होता की रोज गरम दुधातून चमचाभर प्यायची, वर कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा, आणि उरलेली बोटांना चोळायची. बूरुलनं बरणीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "आधी तुम्ही घ्या. तुमचेही गुडघे वाजतात. तुम्हाला बाधली नाही तर मी घेईन." दादा, या वाक्यानं माझं वर्ष खाल्लं. मी घेतली. बाधली नाही. ती म्हणाली, एका दिवसावरून काय कळतं, आणखी थोडे दिवस बघू. बरणी अर्धी झाली तेव्हा ती म्हणाली, आता एवढ्यासाठी माझं सुरू करून काय उपयोग, तुमचं पूर्ण होऊ दे. कुमिसचंही तेच. तुम्ही बहिणीसाठी पाठवलेल्या कातडी पिशव्या मी एकट्यानं रिकाम्या केल्या. (त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.) पण चरबीमुळे गावातली सगळी कुत्री माझ्या मागे यायला लागली. शेजारच्या गावात एका मयताच्या जेवणाला गेलो तर कुत्र्यांची मिरवणूक पाहून घरच्यांनी मला दाराशीच वाढलं.

हे सगळं आमच्या कुंपणापलीकडून दुइशोन पाहत होता. दुइशोन मधमाश्या पाळतो आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे एकच उत्तर आहे, ते पेटीत गुणगुणत असतं. तो म्हणाला, "चरबी सोड. माशी चावली की सांधा मोकळा. माशीला बरोबर कळतं कुठे दुखतंय." बूरुल पुढे झाली, बाही वर केली, हात पुढे केला आणि ऐन वेळी म्हणाली, "आधी ह्यांना." मी खुर्चीवर बसलो, पँट गुडघ्यापर्यंत वर केली. दुइशोननं चिमट्यात माशी धरून आणली, गुडघ्यावर ठेवली. माशीनं गुडघा बघितला, तिला तो पसंत पडला नाही, ती उडाली आणि माझ्या वरच्या ओठावर बसली. दुइशोन म्हणाला, "हलू नकोस, तिला काहीतरी सापडलंय." मग तिच्या मैत्रिणीही आल्या. संध्याकाळपर्यंत माझं तोंड पावासारखं फुगलं होतं आणि डोळे कणकेत रुतवलेल्या बेदाण्यांसारखे आत गेले होते.

नेमका त्याच आठवड्यात पेन्शनच्या ओळखपत्राचा फोटो. कचेरीतल्या मुलीनं जुनं कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ज्यांचं कार्ड आहे ते कुठे आहेत?" मी म्हटलं मीच तो. पण ओठ असे होते की 'मीच तो' हे तिला बैलाच्या हंबरण्यासारखं ऐकू आलं असावं. तिनं बूरुलला विचारलं, "आजी, तुम्ही ओळखता का यांना?" तुमच्या बहिणीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "कपडे तर आमच्या घरचेच आहेत." तो फोटो आता माझ्या कार्डावर कायमचा आहे. मी मेल्यावर थडग्यावर कोणता फोटो लावायचा हा प्रश्न निघाला तर कृपया तुम्ही तिथे हजर राहा.

त्यानंतर मिठाच्या तळ्याचा चिखल. तिथलं पाणी इतकं खारट की माणूस बुडू म्हटलं तरी बुडत नाही, आणि तळाचा काळा चिखल अंगाला फासून उन्हात वाळवला की सांध्यातलं सगळं दुखणं तो ओढून घेतो म्हणतात. पुरुष एका काठाला, बायका दुसऱ्या काठाला. आमची कपड्यांची पिशवी बूरुलकडे. मी अंगभर चिखल थापला, कानाच्या मागेसुद्धा सोडलं नाही, आणि उन्हात आडवा झालो. नुकतीच चरबी आणि कुमिस पोटात गेले होते, त्यामुळे झोप लागली. जागा झालो तेव्हा मी भाजलेल्या मडक्यासारखा झालो होतो. कोपर वाकवलं की तडा जाण्याचा आवाज यायचा. पलीकडच्या काठावर बूरुल नव्हती. कपड्यांची पिशवीही नव्हती. तिथल्या बाईनं सांगितलं की ती मघाशीच आलेल्या बसनं शहरात गेली, लोकर घ्यायला. (मागाहून विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मागून येताय." बसमध्ये माणूस मागून कसा येतो हे बसच्या ड्रायव्हरला तिनं सांगायचं.) चिखल धुवावा तर खाली नुसती चड्डी, ठेवावा तर निदान झाकलेला तरी. मी ठेवला आणि हमरस्त्याकडे चालू लागलो. गुडघे वाकत नव्हते, म्हणून पाय सरळ टाकत.

वळणावर माझा जुना सोबती आसानाली बस घेऊन आला. आम्ही दोघांनी एकाच गॅरेजमध्ये उमेदीची वर्षं काढलेली. मी दोन्ही हात वर केले. त्यानं मला बघितलं, वेग कमी केला, मग आणखी नीट बघितलं आणि अशी काही बस दामटली की आत बसलेल्या बायकांच्या किंकाळ्या मला पुढच्या वळणापर्यंत ऐकू आल्या. शेवटी मी मेंढ्यांच्या ट्रकमध्ये मागे उभा राहून घरी आलो. मेंढ्यांनी काही विचारलं नाही. आसानाली मात्र त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, मिठाच्या तळ्याच्या वळणावर त्यानं भूत पाहिल्याची गोष्ट सांगतो. राखाडी, उंच, हात आकाशाकडे. मी समोर बसून मान डोलावतो. मागच्या खेपेला सांगता सांगता तो एकदम थांबला आणि म्हणाला, "काय सांगू एसेनकुल, त्याची चाल थोडी तुझ्यासारखी होती." मी म्हटलं, असेल, ड्रायव्हरचं भूत असेल.

मग पानगळीच्या दिवसांत आम्ही डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या आरोग्यधामात गेलो. त्या पाण्यात काही किरणं असतात म्हणे, दिसत नाहीत पण हाडापर्यंत जातात. रोगी बूरुल, मी सोबतीला. एवढं स्पष्ट करून मी दाराशी उभा राहिलो. तिथल्या मुख्य परिचारिका तमाराबाई, बांध्यानं तुमच्या काळ्या घोड्यासारख्या, बूरुलची बोटं बघतात न बघतात तोच माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "यांना श्वास घेताना शिट्टी का येते?" (मार्मोट, दुसरं काय.) "आणि हे असे वाकडे का उभे आहेत?" बूरुल म्हणाली, "त्यांचं सगळंच बघून घ्या ना, आलोच आहोत तर." मग काय, मला किरणांच्या पाण्यात बुडवलं. मला विजेच्या तारा लावल्या. माझ्या पाठीवर जळवा सोडल्या, त्यांतली एक पोट भरल्यावरही सुटेना, तेव्हा तमाराबाई म्हणाल्या, तिला तुम्ही आवडलात. सगळ्यांत वाईट ती पाण्याची नळी. माणसाला नागडा करून भिंतीशी उभा करतात आणि लांबून जोरानं फवारा मारतात, आम्ही गॅरेजमध्ये बसची चाकं धुवायचो तसा. फरक एवढाच की चाकाला आम्ही "आता वळा" असं म्हणत नव्हतो. जेवायला रोज मीठ नसलेली लापशी. बूरुल मात्र देवदारांखाली शाल पांघरून बसायची, इतर बायकांना नक्षी कशी कापावी ते तोंडी सांगायची, मध्येच भाचीला भेटायला म्हणून शहरात जाऊन यायची आणि परत आल्यावर माझ्या पाठीवरचे जळवांचे डाग मोजायची.

दादा, मी हे सगळं हसत लिहितो आहे, पण गुंड्यांबद्दल एक सांगतो. रोज सकाळी तिच्या लोकरी जाकिटाच्या गुंड्या मी लावायचो. ती छताकडे बघत उभी राहायची, मी खालून वर जायचो. सुरुवातीला एक गुंडी नेहमी चुकायची, ती म्हणायची, "एवढी मोठी बस घाटातून नेलीत, ही वाट सापडेना का?" मग माझा हात बसला. भाकरीचे तुकडे मी करायचो, केसांची वेणी मी घालायचो. (वेणीला माझी वेणी म्हणणं धाडसाचं आहे. नुरजामाल तिला लगाम म्हणायची.) आणि त्या वेळात आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नापासून बोललो नव्हतो. मी गाडीवर असायचो, ती गालिच्यावर.

हिवाळा सरत असताना एका सकाळी मी गुंड्या लावायला गेलो तर जाकीट बंद होतं. खालपासून वरपर्यंत, नीट, सरळ. ती चूल पेटवत होती. मी विचारलं, "हे कोणी लावलं?" ती म्हणाली, "मी." मला आनंद झाला. कसा नाही होणार? पण माझी बोटं तशीच पुढे आलेली होती, ती कुठे ठेवायची ते मला कळेना, म्हणून मी बाहेर जाऊन लाकडं फोडली. त्यानंतर सूज हळूहळू उतरत गेली. अंगठी परत बोटात गेली. थंडी जास्त पडली की अजून ठणकतं, डाव्या हाताचं एक बोट थोडं वाकडंच राहिलंय, ते आता सरळ होईलसं वाटत नाही. पण फुलं उमलायच्या दिवसांत तिनं गालिचा पुन्हा काढला आणि सुई आरपार ओढली. मी शेजारीच बसलो होतो. तिनं मला ओढायला सांगितलं नाही.

आता खरी भानगड सुरू झाली. गुण कशाचा? दुइशोन म्हणतो माशीचा. (माशी तिला एकही चावलेली नाही, चावल्या त्या सगळ्या मला. पण तो म्हणतो, नवऱ्याच्या अंगातून बायकोला पोचतं.) त्यानं कुंपणावर पाटी लावली आहे, 'आमवातावर खात्रीचा इलाज, शेजारी विचारा.' शेजारी म्हणजे मी. तळ्यावरची बाई म्हणते चिखलाचा. तमाराबाईंनी निरोप पाठवला की किरणांचं फळ असं उशिरानंच मिळतं. रोज कोणी ना कोणी दारात येतं. बूरुलची बोटं बघतात, मूठ आवळून उघडायला लावतात आणि मग मला विचारतात की नक्की काय केलं. मी सांगतो. मग म्हणतात, करून दाखवा. परवा बार्स्कूनहून एक म्हातारा बरोबर स्वतःची मधमाशी घेऊन आला होता.

पण तुम्ही विचारलंत म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, गुण चरबीचाच. पहिला उपाय तोच होता, बाकीच्यांनी आयत्या पिठावर रेघोट्या मारल्या. (दुइशोनला मी छातीवर हात ठेवून माशी सांगितली आहे. तो मध देतो. तुमची आणि त्याची भेट होईल तेव्हा हा विषय काढू नये.)

घोड्यांना, शिंगरांना, मेंढ्यांना, कुत्र्याला आणि वहिनींना माझा सलाम सांगावा. गवत उंच होवो, लांडगे दुसऱ्याच्या कुरणात जावोत, आणि तुमचा तंबू पाहुण्यांनी भरलेला राहो.

आपला नम्र, आणि आता सर्व रोगांपासून मुक्त,
एसेनकुल

ता. क. तंबू पाहुण्यांनी भरलेला राहो असं वर लिहिलं, ते सहज लिहिलेलं नाही. मला या उन्हाळ्यात वर बोलवा. एकट्याला. कारण काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, नवं औषध शोधायला म्हटलंत तर इथे कोणी अडवणार नाही. बूरुलला आता माझी गरज राहिलेली नाही, आणि दारात येणाऱ्यांना फार आहे. मी मेंढ्या वळीन, घोड्यांचं दूध काढायला मात्र सांगू नका.

आणखी एक ता. क. चरबी पाठवू नये. कुमिस पाठवला तर परत पाठवणार नाही.

तिसरा ता. क., बूरुलच्या हातचा.

दादा, पत्र पाकिटात घालून चिकटवायचं काम ह्यांनी मला दिलं आणि स्वतः जर्दाळूखाली आडवे झाले. शेवटच्या कागदाची मागची बाजू कोरी होती. अक्षर बघ. पूर्वीसारखं वळणदार नाही, पण माझंच आहे.

गेल्या उन्हाळ्यापासून मी शहरात, काराकोलला, सांध्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाते. ह्यांना चिखलात झोपवून गेले ती पहिल्यांदा तिथेच, आणि भाची म्हणजेही त्याच. आठवड्यातून एकच दिवस घ्यायच्या गोळ्या आहेत, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. पोट जळलं नाही. सुरुवातीला मळमळायचं, मग अंगवळणी पडलं. पण बरेच दिवस काहीच फरक दिसेना. एकदा वाटेत बसमधून उतरून मी रस्त्याच्या कडेला रडलेसुद्धा. बाई म्हणाल्या, धीर धरा, हे औषध सावकाश चालतं, पण सांधे मोडायच्या आत त्याला पोचायला हवं. माझं एक बोट त्याच्या आधीच वाकडं झालं. बाकीची वाचली. मध, माशी, चिखल, किरणं यांतलं माझ्या अंगाला काहीच लागलेलं नाही, दुइशोनची पाटी राहू दे, त्याचा मध चांगला असतो.

तुला सांगितलं नाही, कारण बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, दारू वगैरे? मी म्हटलं, छे, फक्त कुमिस. त्या म्हणाल्या, तोही बंद. घोडेवाल्या भावाला हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून सगळा ह्यांच्या पोटात घातला. आणि ह्यांना का सांगितलं नाही, तर बस हातची गेल्यापासून हा माणूस खिडकीत बसून रस्त्याकडे बघत बसायचा, जेवणही धड नाही. माझी बोटं सुजली आणि हे उठले. मी गोळी घेऊन बरी झाले असते तर हे पुन्हा खिडकीत जाऊन बसले असते. तेव्हा उपचार त्यांच्यावर झाले ते बरोबरच झाले. माझ्या गुंड्या मात्र मी पानगळ संपतानाच लावू शकत होते. हिवाळाभर तशीच उभी राहिले. हे त्यांना कळू देऊ नकोस.

त्यांना वर बोलव किंवा बोलवू नकोस, ती माझी मागणी नव्हे. माझी मागणी वेगळी आहे.

वसंतात पुतण्याच्या लग्नाला तू खाली आला होतास. मानाचं मेंढीचं डोकं कापून वाटायला तुझ्यापुढे ठेवलं, तू सुरी उचललीस आणि शेजारच्या जावयाच्या हातात दिलीस, म्हणालास, तरुणांनी शिकलं पाहिजे. सगळ्यांनी तुझं मोठेपण वाखाणलं. आपल्या घरात तो मान तू आजवर कोणाला दिला नव्हतास. मी तुझ्या बोटांकडे बघत होते. नंतर घोड्यावर बसताना तू लगाम मुठीत धरला नाहीस, मनगटाला गुंडाळलास.

बाईंनी मला विचारलं होतं, घरात आणखी कोणाला हा आजार आहे का? मी तेव्हा नाही म्हटलं होतं. लग्नानंतरच्या खेपेला म्हटलं, भावाला आहे, पण तो मानणार नाही. त्या म्हणाल्या, मानायची वाट बघू नका, घेऊन या.

कुलुयपा वहिनी, हे तू मोठ्यानं वाचून दाखवते आहेस, आणि तो मध्येच हात झटकून चहा ओत म्हणेल. चहा नंतर. आधी त्याला म्हण, मूठ आवळून दाखव. तुझ्यासमोर, दोन्ही हातांची, पूर्ण. मिटली तर मी खोटी, हा कागद चुलीत घाल. नाही मिटली तर काही बोलू नकोस, त्याच्या गुंड्या लाव आणि त्याला खाली पाठव.